सही माझी

९ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. कोण काय बोललं, कुठल्या तारखेला बोललं, सगळं. उद्या प्रकरण आचाओच्या कचेरीपर्यंत गेलं आणि कुणी म्हणालं की तुम्ही असं बोललाच नाहीत, तर माझ्याकडे पुरावा हवा.

दुपारी निरोपांच्या वेळेला मी किसलेले बटाटे फडक्यात घालून पिळत होते. रेडिओवर नेहमीचं चाललं होतं. अमक्याचा बैल सापडला, तमकीला मुलगा झाला, उद्या वाऱ्यामुळे बोट नाही. आणि मग ती निवेदिका, जिला नाकातून बोलायची सवय आहे, म्हणाली, "तौकेन बेटावरील एर्सीरा गेंतेओ यांना कळवण्यात येते की, मुलीच्या गंभीर बाबीसंदर्भात त्यांनी गुरुवारी दहा वाजता शाळेत हजर राहावे. प्रेषक, शाळा."

गंभीर बाब! हजर राहावे!

आमच्याकडे फोन लागतो तो फक्त स्मशानाच्या टेकडीवर. त्यामुळे निरोप रेडिओवरूनच यायचे, हे मला मान्य आहे. पण रेडिओवरचा निरोप म्हणजे ज्याचा त्यानं ऐकायचा आणि बाकीच्या सतरा बेटांनीही ऐकायचा. पाव तासात शेजारची नोल्फा आली, म्हणे मीठ संपलंय. तिच्या घरात पोतंभर मीठ आहे.

"काय केलं गं तुझ्या पोरीनं?" ती म्हणाली.

"मीठ किती देऊ?" मी म्हटलं.

दानिक्सा शाळेतून आल्यावर तिला विचारलं. "काही नाही गं आई, त्या नवीन बाईंना प्रत्येक गोष्ट गंभीर वाटते," असं म्हणून ती विणायला बसली. तेरा वर्षांची आहे, आठवीत. माझ्या एकोणचाळिसाव्या वर्षी झालेली. तिनं आजवर कुणाचं सफरचंदसुद्धा चोरलेलं नाही.

बाई मार्चमध्ये ओसोर्नो शहरातून आल्या. इंग्रिद नाव. वय सव्वीस. हजर राहावे म्हणे.

उत्तर मी सांगितलं आणि दानिक्सानं कागदावर लिहून घेतलं. शब्द न शब्द असा: "शाळेस कळवण्यात येते की, माझ्या घरापासून शाळेपर्यंत जेवढी वाट आहे, तेवढीच शाळेपासून माझ्या घरापर्यंत आहे. प्रेषक, एर्सीरा गेंतेओ." सोमवारी एलिसेओकाकांच्या बोटीनं कागद आचाओला, रेडिओ केंद्रावर जाईल.

१४ ऑगस्ट, बुधवार

बदललं! माझा निरोप रेडिओवाल्यांनी बदलला!

"तौकेनच्या शाळेस कळवण्यात येते की, एर्सीरा गेंतेओ यांना प्रकृतीच्या कारणास्तव येता येणार नाही. क्षमस्व."

प्रकृती? माझी? मी उभ्या आयुष्यात दोनदा आजारी पडले आणि त्यातलं एकदा बाळंतपण होतं. क्षमस्व हा शब्द मी माझ्या नवऱ्यालाही कधी म्हटला नाही. तो अकरा वर्षांपूर्वी मेंढ्या कातरायला दूर दक्षिणेला मागाय्यानेसला गेला, त्याचं कातरणं अजून संपलेलं नाही, आणि तरीही मी कुणाची क्षमा मागितली नाही.

त्या नाकातून बोलणारीनंच घोळ घातला असणार. दानिक्सा म्हणते, "जाऊ दे ना आई, मिटलं तर." हिला माझा स्वभाव मिळाला नाही.

राग इतका आला होता की मातेच्या कडू चहात साखरेऐवजी मीठ घातलं गेलं. डबे कुणीतरी हलवले होते. संध्याकाळी पाहते तर साखरेच्या डब्याला पोरीनं जाड लोकर गुंडाळून ठेवलीय. म्हणे, शोभेला. हल्ली तिला असलंच सुचतं. गेल्या महिन्यात दाराच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या. विहिरीपर्यंत दोर बांधला, म्हणे, कपडे वाळत घालायला. विहिरीच्या वाटेवर कपडे कोण वाळत घालतं?

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आज स्वतः धक्क्यावर गेले. कागद नाही, काही नाही. एलिसेओकाकांना तोच वाटेचा निरोप तोंडी सांगितला आणि तीनदा म्हणून घेतला.

"पाठ झालं का?"

"झालं गं. पण तू कशाला भांडण उकरून काढतेस? मास्तरीण चांगली आहे. परवा तिनं माझ्या नातवाला—"

"काका, पाठ झालं ना? मग म्हणा परत."

त्यांनी परत म्हटलं. बोटीतली माणसं खिदळत होती. खिदळू देत.

१९ ऑगस्ट, सोमवार

लागला! जसाच्या तसा! निवेदिकेनं वाचला आणि मधेच तिला हसू आलं, ते नाकातूनच आलं. दुपारभर माझ्या दारात माणसं. पलीकडच्या बेटावरून माझ्या नणंदेनं शिट्टी वाजवली असं नोल्फा म्हणते, पण तिला तिकडची शिट्टी इकडे कशी ऐकू आली देव जाणे.

दानिक्सा मात्र जेवली नाही. "तू काकांना कधी भेटलीस?" विचारत होती. दोनदा विचारलं. मी म्हटलं, मला भेटायला परवानगी लागते का?

२१ ऑगस्ट, बुधवार

बाईंचं उत्तर आलं. "एर्सीरा गेंतेओ यांना कळवण्यात येते की, शाळा शनिवारी दुपारी तीन वाजता त्यांच्या घरी येत आहे. कृपया कुत्रा बांधून ठेवावा."

मला हसू आलं. खोटं का लिहू? पण फक्त घरात हसले.

कुत्रा बांधणार नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

अंधार पडायच्या आत लिहून घेते. अक्षरं एकमेकांवर चढतायत, पेन भिकार आहे.

बाई आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. कुत्रा त्यांच्या अंगाला लगटत होता, गद्दार. दानिक्साला मी मुद्दाम मेंढ्यांकडे पाठवलं होतं. चुलीशेजारी बसवलं, माते दिलं, बटाट्याचे गरम मिल्काओ दिले. पाहुणा भांडायला आला तरी उपाशी भांडू नये.

"एर्सीराबाई," त्या म्हणाल्या, "रेडिओबद्दल माफ करा. पण मी तीनदा वहीतून लिहिलं. चौथ्यांदा काय करणार होते?"

"कुठल्या वहीतून?"

त्यांनी शाळेची निरोपांची वही माझ्या हातात दिली. मी ती पाहत राहिले. थोड्या वेळानं बाईंनी ती हळूच माझ्या हातातून घेतली आणि फिरवून परत दिली, का ते कळलं नाही. शहरातल्या लोकांच्या सवयी.

"तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. आधी त्यांचं. दानिक्सा गणितात सगळ्या बेटांमध्ये पहिली आहे. कास्त्रो शहरातल्या मोठ्या शाळेत वसतिगृहासकट जागा मिळू शकते. आईची संमती तीस ऑगस्टच्या आत हवी. मग खालचं उत्तर: "माझ्या मुलीला घरी काम आहे. वसतिगृह नको. याबाबत पुन्हा लिहू नये. एर्सीरा गेंतेओ." तीन निरोप, तीन उत्तरं, तिन्हीखाली माझं नाव.

चूल धडधडत होती.

"ही तुमची सही ना?" शेवटी त्यांनी विचारलं. फार सावकाश विचारलं.

"हो," मी म्हटलं. "मग कुणाची असणार?"

असं का म्हटलं ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. माझ्या पोरीला माझ्यासमोर कुणी खोटारडी म्हणायचं नाही. ते म्हणायचा हक्क माझा.

बाई दारात बूट घालताना म्हणाल्या, "तुमच्या पायऱ्या छान रंगवल्यात." मी म्हटलं, पोरीचे चाळे.

पोर आल्यावर तिला समोर उभं केलं. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"माझ्या नावानं लिहिलंस?"

"लिहिलं."

"आणि रेडिओचा कागद?"

"तोही."

"का? कुणाला घाबरतेस? त्या शाळेला?"

"तुला दिसत नाही आई."

मी म्हटलं, मला सगळं दिसतं. सुई ओवायला त्रास होतो, तो या वयात कुणालाही होतो. ऑगस्टच्या हिवाळ्यात उजेड कमी असतो.

"मग हे काय आहे?" तिनं हात वर केला.

"चमचा," मी म्हटलं.

हातातली वस्तू तिनं टेबलावर ठेवली. आवाज कात्रीचा होता.

२९ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज ओहोटीला एकटी शिंपले काढायला गेले. दानिक्साला सांगितलं नाही. पन्नास वर्षं त्या किनाऱ्यावर चालतेय, मला डोळे कशाला हवेत? पायाला वाळू कळते, कानाला पाणी कळतं. अर्धी टोपली भरली. येताना एका खडकाऐवजी दुसरा धरला आणि कमरेपर्यंत पाण्यात गेले.

बाहेर आले. टोपली सोडली नाही.

दारात दानिक्सा कोरडे कपडे घेऊन उभी होती. म्हणजे ती मागे मागे आली होती. शाळा बुडवून. मला इतका संताप आला की मी तिला म्हटलं, "तू कास्त्रोला जाणार."

"नाही जाणार."

"जाशील. माझ्यामागे किनाऱ्याकिनाऱ्यानं लपत हिंडण्यासाठी तुला जन्म दिला नाही."

आता कोरड्या कपड्यांत बसून विचार करते. ती गेली तर या घरात कोण? कुत्रा आणि मी. मी तिला पाठवतेय ती तिच्या भल्यासाठी की रागापोटी? राग जास्त असेल. पण रागानं केलेली सगळीच कामं वाईट होतात असं नाही. हे कुंपण मी नवऱ्यावरच्या रागात घातलं होतं, अजून उभं आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

आज शाळेत गेले. हो, मीच गेले. बाई एकदा आल्या, मी एकदा गेले, हिशेब सरळ.

बाई म्हणाल्या की, यादी शुक्रवारी बंद झाली. पण गुरुवारी पालकांच्या बैठकीला शिक्षण खात्याचे साहेब येतायत, त्यांच्याजवळ बोलता येईल. मग दार लावून म्हणाल्या, "एक गोष्ट सांगते. त्या सह्या मुलीनं केल्या असं कळलं तर तिच्या दाखल्यावर शेरा येईल. मग वसतिगृह घेणार नाही."

"त्या माझ्याच आहेत, सांगितलं ना तुम्हाला."

"सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मला तसंच आठवतंय."

चांगल्या वाटल्या. वय कमी आहे एवढंच.

५ सप्टेंबर, गुरुवार

हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे. हात थकला तरी.

शाळेची एकच खोली. नऊ घरांतली माणसं, मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मुलं पलीकडे स्वयंपाकघरात. साहेबांचं नाव सेपुल्वेदा. आवाजावरून पन्नाशीचे, बोट लागल्यामुळे गळून गेलेले. शौचालयाचं छप्पर झालं, दुधाची पाकिटं झाली, मग बाईंनी माझा विषय काढला.

साहेबांनी वही चाळली. "इथं तर लेखी नकार आहे. एकदा नाही, तीनदा. खाली सही आहे."

"आहे ना. माझीच आहे," मी उभी राहून म्हटलं. "ऑगस्टमध्ये नाही म्हटलं होतं, सप्टेंबरात हो म्हणते. तुमच्या खात्यात मत बदलायला बंदी आहे का?"

नोल्फा फिसकन हसली.

"बाई, यादी तीस तारखेला बंद झाली."

"बंद झाली तर उघडा. यादी तुमचीच ना? की ती पण माझ्या सहीची आहे?"

आता सगळेच हसले. एलिसेओकाका मागून म्हणाले, "साहेब, लवकर उघडा, नाहीतर ही रेडिओवर जाईल." साहेबांनाही बहुतेक ते रेडिओचं माहीत होतं, कारण त्यांनी घसा खाकरला.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "फेरविचाराचा अर्ज. पण कारण द्यावं लागेल, आणि पालकानं आत्ता, माझ्यासमोर सही करावी लागेल."

"द्या."

कागद माझ्यासमोर आला. पेन हातात आलं. "इथं खाली, रेघेवर," साहेब म्हणाले.

मी पाहिलं. कागद पांढरा होता. बस, पांढरा. जवळ घेतला तरी पांढरा, लांब धरला तरी पांढरा.

खोटं लिहायचं नाही असं ठरवून ही वही सुरू केली म्हणून लिहिते: त्या क्षणी पेन फेकून निघून जावं असं वाटलं. आरडाओरडा करावा, साहेबांचा अपमान करावा आणि निघून जावं. सगळे म्हणाले असते, एर्सीराचं डोकं फिरलं. ते मला चाललं असतं. डोकं फिरलेली बाई चालते. आंधळी बाई म्हणजे लोक हाताला धरतात.

स्वयंपाकघराच्या दारातून पावलं आली. दानिक्साची. माझ्या पोरीची पावलं मी ओळखते. ती येऊन कागदावर बोट दाखवणार, नेहमीसारखी, आणि सगळं निभावून जाणार.

"तिथंच थांब," मी म्हटलं.

थांबली.

"साहेब," मी म्हटलं, "मला दिसत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हे बोलले. नोल्फाचं हसणं थांबलं. सगळ्यांचंच थांबलं. छपरावर पाऊस होता, तेवढाच.

"रेघ कुठं आहे तिथं माझं बोट ठेवा. सही माझी मी करीन."

मला वाटलं बाई उठतील. पण साहेबच टेबलाला वळसा घालून आले. त्यांचा हात थंडगार होता. माझ्या डाव्या हाताचं बोट धरून त्यांनी कागदावर टेकवलं आणि हात लगेच काढून घेतला, ते बरं केलं. बोटाच्या कडेनं मी लिहिलं, ही वही लिहिते तसंच. एर्सीरा. मग जागा चाचपली. गेंतेओ. वेळ लागला.

साहेबांनी अर्ज उचलला. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा उलटल्याचा.

"सह्या जुळत नाहीत, बाई," ते म्हणाले.

"ऑगस्टमध्ये मला बरं दिसत होतं," मी म्हटलं.

मागे कुणीतरी श्वास रोखला होता, काकाच असणार, त्यांची छाती वाजायची थांबली होती.

"असेल," साहेब म्हणाले. "आणि फेरविचाराचं कारण काय लिहू?"

"लिहा, आईनं आधीचे निरोप वाचले नव्हते."

शिक्का बसल्याचा आवाज मी इथं घरी बसूनही ऐकतेय.

परतीच्या वाटेवर पोर माझ्यापुढे तणतणत चालली होती. "मला विचारलंस तरी का?"

"तू मला विचारलं होतंस?"

ती कुंपणापाशी थांबली, मी जवळ आल्यावर माझ्या कोपराला धरायला गेली. मी हात सोडवून घेतला. मग पुढे डबकं आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून परत दिला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कास्त्रोला डोळे दाखवले. इंग्रिदबाई सोबत आल्या, त्यांना म्हणे कास्त्रोत खडू घ्यायचे होते. दिवसभर माझ्याबरोबर बाकावर बसल्या, खडू काही घेतले नाहीत. विसरल्या असतील. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. जानेवारीत एक डोळा, दुसऱ्याचं नंतर बघू. डॉक्टरीण मला ओरडली, इतकी वर्षं काय करत होतात? मी म्हटलं, बटाटे.

२ मार्च, रविवार

दानिक्साला वसतिगृहात सोडलं. उजव्या डोळ्यानं तिची खोली पाहिली. सहा पलंग, एक खिडकी. तिच्या नाकावर तीळ आहे. पूर्वीही असेल.

रडली नाही. मीही नाही. बोटीवर मात्र एलिसेओकाकांनी मला विचारलं, "गार वारा लागतोय का डोळ्याला?" मी म्हटलं, हो, नवा आहे ना.

२७ मार्च, गुरुवार

पालकांची पहिली सभा. त्यासाठी पहाटेची बोट धरली. दिवाणखान्याएवढं नाही, आमच्या चर्चएवढं दालन. चारशे माणसं तरी असतील. बेटांवरून आलेल्या बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या, पिशव्या पोटाशी धरून. मी पहिल्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं.

फाटकाशी दानिक्सा भेटली, दोन नव्या मैत्रिणींसोबत. केस कापलेत, मला न विचारता. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, इथं काही बोलू नकोस हं. सगळे बघतात."

"बघू देत," मी म्हटलं. "पण बरं, नाही बोलत."

व्यासपीठावर एक बाई आली. चांगली होती दिसायला, निळा कोट, मला लांबूनही निळा दिसला. म्हणाली की, यंदापासून मुलांबद्दलची प्रत्येक सूचना पालकांच्या फोनवर येईल. ज्यांनी दोन दिवसांत सूचना उघडली नाही, त्यांना ती मान्य आहे असं धरलं जाईल.

मी मागे वळून पाहिलं. भिंतीशी उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं पिशवीतून छोटासा बटणांचा फोन काढला, बघितला आणि परत ठेवला.

"शंका असतील त्यांनी शेवटी विचाराव्यात," निळ्या कोटातली बाई म्हणाली.

शेवटापर्यंत थांबले असते तर माझी बोट चुकली असती. मी हात वर केला.